पातळ झालेले औषध संपलेले नसते

"नदी एवढी मोठी, त्यात औषधाचा अंश तो किती? पावसाळ्यात सगळे वाहून जाते." नद्यांतल्या औषधांच्या प्रदूषणाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. आम्लासारख्या रसायनाबाबत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पुरेसे पाणी मिसळले की इजा थांबते. प्रतिजैविकांचे तसे नाही. तिथे पाणी मिसळल्यावर एक धोका कमी होतो आणि दुसरा, जास्त लांब पल्ल्याचा, सुरू होतो.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूचे उदाहरण जगभर अभ्यासले गेले आहे. तिथल्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचे पाणी येत असे, रोज साधारण १५ लाख लिटर. २००७ मध्ये स्वीडनचे योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे प्रक्रिया पूर्ण झालेल्या, पाण्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात हे औषध लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाही. नमुने घेतले त्या दिवसांचा हिशेब केला तर रोज सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे ९० हजार गोळ्यांचे औषध, नाल्यात जात होते. तो नाला नक्कावागूमार्गे मंजिरेला मिळतो. मंजिरा म्हणजे बीडच्या बालाघाटात उगम पावणारी आपली मांजरा. पुढे ती गोदावरीला मिळते.

लिटरला ३१ मिलिग्रॅम इतक्या तीव्र पाण्यात बहुतेक जिवाणू मरतात किंवा त्यांची वाढ थांबते. खरी गुंतागुंत तिथून खाली, पाणी पातळ होत गेल्यावर सुरू होते. ती समजण्यासाठी हे औषध पेशीत काय करते ते पाहू.

आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल, आणि तो राहतो जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीच्या पेशीत. त्याची प्रत काढताना पुढच्या भागात पीळ चढत जातो. हा पीळ सोडवण्याचे काम गायरेज नावाचे एन्झाइम करते. ते डीएनएचे दोन्ही धागे कापते, त्या फटीतून डीएनएचा दुसरा तुकडा पलीकडे नेते आणि काप पुन्हा जोडते. सिप्रोफ्लॉक्सासिन नेमके या कापात जाऊन बसते. ते तिथे धरून ठेवण्यासाठी एक मॅग्नेशियम आयन आणि त्याच्याभोवतीचे पाण्याचे रेणू पुलाचे काम करतात. पुलाचे दुसरे टोक गायरेजमधल्या ८३ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला आणि ८७ व्या जागेवरच्या आम्लधर्मी अमिनो आम्लाला धरलेले असते. औषध तिथे अडकले की काप जुळत नाही, प्रत काढणारी यंत्रणा येऊन त्यावर आदळते आणि डीएनए तुटतो.

औषध भरपूर असेल तर तुटलेल्या जागा इतक्या होतात की पेशी मरते. मात्रा अगदी कमी असेल तर एखाद-दुसरीच जागा तुटते. पेशी विभाजन थांबवते, दुरुस्ती करते आणि मग पुन्हा विभागते. म्हणजे ती मरत नाही, तिला थोडा उशीर होतो. ज्या पेशीत एका उत्परिवर्तनाने ८३ व्या जागी सेरीनऐवजी ल्यूसीन आले आहे, तिथे पुलाला धरायला जागाच राहत नाही. त्या पेशीला हा उशीर होत नाही; ती औषधाला प्रतिरोधक झालेली असते.

या उशिराची किंमत आकड्यांत मांडता येते. समजा औषधामुळे साध्या पेशींची वाढ दर पिढीला २ टक्के मंदावली, आणि उत्परिवर्तनाचे ओझे म्हणून प्रतिरोधक पेशींची वाढ १ टक्का मंद आहे. निव्वळ फायदा उरला १ टक्का. सुरुवातीला दहा लाखांत एकच पेशी प्रतिरोधक असली, तरी सुमारे १,३९० पिढ्यांत दोघी समसमान होतात. दिवसाला तीन पिढ्या धरल्या तर सव्वा वर्ष पुरते. औषधाचा तोटा प्रतिरोधाच्या ओझ्याहून जिथे जास्त भरू लागतो, ती प्रतिरोधक पेशींची निवड सुरू होण्याची किमान मात्रा. २०११ मध्ये उप्साला विद्यापीठाच्या गटाने साध्या आणि प्रतिरोधक पेशींना पिवळ्या व निळ्या चकाकणाऱ्या प्रथिनांची खूण देऊन, त्यांना एकत्र वाढवून आणि यंत्राने मोजून ही मात्रा काढली. त्यांच्या ई. कोलायची वाढ थांबवायला लिटरला २३ मायक्रोग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासिन लागत होते. निवड मात्र ०.१ मायक्रोग्रॅमलाच सुरू झाली, म्हणजे २३० पट कमी मात्रेला.

आता ३१ मिलिग्रॅमवरून ०.१ मायक्रोग्रॅमवर यायचे तर पाणी ३ लाख १० हजार पट पातळ व्हावे लागते. २३ मायक्रोग्रॅमपासून ०.१ पर्यंतचा जो पट्टा आहे त्यात जिवाणू मरत नाहीत, फक्त निवडले जातात. नदी जितके पाणी मिसळत जाते, तितका हा पट्टा लांब पसरतो. शिवाय दुरुस्तीच्या आणीबाणीत पेशी डीएनएची प्रत काढणारी, पण चुका करणारी एन्झाइमे (डीएनए पॉलिमरेज) वापरते, त्यामुळे नवी उत्परिवर्तने वाढतात. काही फिरत्या जनुकांना दुसऱ्या जिवाणूत जाण्याचा इशाराही याच आणीबाणीतून मिळतो.

कारखाना नसलेल्या गावालाही हे लागू आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतले निदान २०० मिलिग्रॅम लघवीतून जसेच्या तसे बाहेर पडते. प्रतिरोधाच्या दृष्टीने सुरक्षित म्हणून सुचवलेली पातळी लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम आहे. एका गोळीला तिथवर आणायला ३१ लाख लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे तीनशेहून जास्त टँकर.

मग प्रक्रिया केंद्र काय करते? तिथली जैविक टाकी विष्ठा, साखर, प्रथिने पचवण्यासाठी बांधलेली असते. पॅरासिटामॉल ती चांगले काढते, अपस्मारावरचे कार्बामाझेपिन जवळपास तसेच सोडते. सिप्रोफ्लॉक्सासिन बरेचसे गाळाला चिकटते, म्हणजे पाण्यातून जाऊन गाळात साठते, आणि तो गाळ पुढे शेतात पडू शकतो. पाटणचेरूच्या केंद्रात जैविक प्रक्रिया नीट चालावी म्हणून घरगुती मैलापाणीही मिसळले जात असे. आतड्यातले जिवाणू आणि प्रतिजैविक एकाच टाकीत, हवा आणि अन्न देऊन: प्रतिरोधक जनुके वाढवायला यापेक्षा सोयीची रचना सुचणार नाही. पुढे तिथले पाणी १८ किलोमीटरच्या वाहिनीतून हैदराबादच्या अंबरपेठ केंद्राकडे वळवण्यात आले. ते मुसी नदीवर आहे आणि मुसी कृष्णेला मिळते. प्रश्न गोदावरीच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात गेला.

ही गळती कागदावर का दिसत नाही? सांडपाण्याची नेहमीची चाचणी सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी. ३१ मिलिग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासिनची ही मागणी हिशेबाने पन्नासेक मिलिग्रॅम येते, आणि पाणी नदीत सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा २५० आहे. म्हणजे मर्यादा पाळणाऱ्या पाण्यातही हे औषध मुबलक असू शकते. ते शोधायला वस्तुमान वर्णपटमापीसारखे, रेणू ओळखणारे वेगळे यंत्र लागते.

"नदीत जंतुभक्षक विषाणू असतात, ती स्वतःला शुद्ध करते" हा दावा गंगेबद्दल जोरात केला जातो. गंगा-यमुनेच्या पाण्याने पटकीचे जंतू मरतात हे ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञ हँकिन यांनी १८९६ मध्ये नोंदवले, आणि नदीत हे विषाणू असतात यात शंका नाही. पण ते सिप्रोफ्लॉक्सासिनचा रेणू तोडत नाहीत. उलट काही जंतुभक्षक एका जिवाणूची जनुके दुसऱ्यात नेतात. दुसऱ्या टोकाची भीतीही तितकीच चुकीची आहे. लिटरला १ मायक्रोग्रॅम औषध असलेले पाणी रोज दोन लिटर प्यायले, तर एका गोळीइतके औषध पोटात जायला जवळजवळ सातशे वर्षे लागतील. नळातून औषधाचा डोस मिळेल ही भीती नको. भीती आहे ती नदीत निवडल्या गेलेल्या जिवाणूंची. ते भाजीवरून, अंघोळीतून, हातातून आतड्यात जातात, आणि मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गालाही मग शिरेतून औषध द्यावे लागू शकते.

संप्रेरकांचे गणित वेगळे आहे; तिथे सूक्ष्म मात्राच थेट इजा करते. कॅनडातल्या एका प्रायोगिक तलावात गर्भनिरोधक गोळीतले एथिनिलएस्ट्राडायॉल लिटरला ५-६ नॅनोग्रॅम इतकेच, तीन उन्हाळे सोडले. नर मासे मादीची प्रथिने तयार करू लागले आणि तिथल्या फॅटहेड मिनो माशांची संख्या कोसळली.

उपाय पाइपच्या शेवटी शोधणे महाग पडते. युरोपात मोठ्या केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कोळशासारखी जादा प्रक्रिया बसवणे आता बंधनकारक होत आहे, आणि त्याचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे. भारतात औषध कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नियमांच्या २०२० च्या मसुद्यात प्रतिजैविकांच्या अवशेषांना मर्यादा होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गाळल्या गेल्या, आणि तो निर्णय बदलायला हवा. कारण स्वस्त काम कारखान्याच्या आतच होते. औषध तयार करण्याच्या टाकीच्या (रिअॅक्टरच्या) भिंतीला १०० ग्रॅम औषध राहिले आणि ते दोन हजार लिटर पाण्याने धुतले, तर लिटरला ५० मिलिग्रॅमचे पाणी तयार होते. ते समतोल टाकीत बाकीच्या पाण्यात मिसळले की त्याला ०.०६४ वर आणायला दीडशे कोटी लिटरहून अधिक पाणी लागेल. त्याऐवजी आधी कोरडे खरवडून घ्यावे, मग पहिले दोनशे लिटर धुवण वेगळ्या पिंपांत धरून भट्टीत जाळावे, आणि उरलेले धुवणच प्रक्रियेला सोडावे. प्रत्येक बॅचमागे किती ग्रॅम गेले याची नोंद ठेवली, तर नदीतली पातळी यंत्राशिवायही कागदावर काढता येते. तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने आधी तीच वही मागावी.