महाकपींचे हक्क

चिंपँझी, बोनोबो, गोरिला आणि ओरँगउटान या महाकपींना जगण्याचा, मोकळेपणाचा आणि यातनांपासून मुक्त राहण्याचा हक्क नैतिक तसेच कायदेशीर पातळीवर मान्य व्हावा, ही मागणी १९९३ साली पाओला काव्हालिएरी आणि पीटर सिंगर या तत्त्वज्ञांनी ‘ग्रेट एप प्रोजेक्ट’द्वारे मांडली. आरशात स्वतःला ओळखणे, हत्यारे बनवणे, सोबत्याच्या मृत्यूने खचणे हे सारे या प्राण्यांत दिसत असल्याने त्यांना वस्तू मानणे समर्थनीय नाही, असे तिचे सार आहे.

कायद्याच्या दृष्टीने प्राणी ही मालमत्ता असते. क्रूरताविरोधी कायदे मालकावर बंधने घालतात, पण त्यामुळे प्राण्याकडे स्वतःचा हक्क येत नाही. ही चौकट अर्जेंटिनात मोडली गेली. मेंदोसा येथील प्राणिसंग्रहालयात सेसिलिया ही चिंपँझी मादी दोन्ही सोबती मरण पावल्यानंतर एकटीच उरली होती. तिच्या सुटकेसाठी वकिलांनी, बेकायदा अटकेतील माणसासाठी करतात तशीच, बंदी प्रत्यक्षीकरण याचिका दाखल केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायाधीश मारिया अलेहान्द्रा मौरिसिओ यांनी ती मंजूर करून सेसिलियाला ‘मानवेतर विधिव्यक्ती’, म्हणजे माणूस नसूनही कायद्यासमोर हक्क असलेली व्यक्ती, ठरवले आणि २०१७ मध्ये तिला ब्राझीलमधील सोरोकाबा येथील अभयस्थानात हलवण्यात आले. त्यापूर्वी ब्वेनोस आइरेसमधील सँड्रा या ओरँगउटान मादीलाही न्यायालयाने हक्कधारक मानले होते.

न्यूयॉर्कमध्ये मात्र टॉमी या चिंपँझीसाठीची अशीच याचिका २०१४ साली अपील न्यायालयाने फेटाळली. जो कर्तव्ये पार पाडू शकत नाही व ज्याला त्याच्या कृत्यांसाठी जबाबदार धरता येत नाही, त्याला असे हक्क देता येत नाहीत, असे कारण देण्यात आले. हा युक्तिवाद दुबळा आहे. तान्ह्या बाळाकडूनही कर्तव्याची अपेक्षा नसते, तरी त्याचे हक्क अबाधित असतात. माणसाची जात एकूणच कर्तव्यक्षम आहे, हे न्यायालयाचे उत्तर त्या बाळाला लागू होणारा निकष व्यक्तीवरून जातीवर नेते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. २०१८ मध्ये याच खटल्याच्या पुढच्या टप्प्यावर न्यायमूर्ती यूजीन फाही यांनी चिंपँझी ही निव्वळ वस्तू नाही, असे नमूद केले.

भारतीय वाचकाला ‘मानवेतर व्यक्ती’ ही कल्पना फारशी परकी वाटू नये, कारण आपल्याकडे देवस्थानातील मूर्ती आणि कंपनी या दोन्ही कायद्याने व्यक्ती मानल्या जातात. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना मान्यता देताना प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मानले नाही.

याचिकांचा लाभ अर्थातच पिंजऱ्यातल्या एकेका प्राण्याला होतो. जंगलातील कपींना तो पोहोचत नाही, आणि तेथे खाणी, तेलताडाची लागवड व शिकार यांचा धोका कितीतरी मोठा आहे. सुमात्रातील तापानुली ओरँगउटान ही स्वतंत्र जाती म्हणून २०१७ साली ओळखली गेली, तेव्हाच तिची संख्या ८०० पेक्षा कमी असल्याचा अंदाज होता.