शंट बसला, तरी डोकं का दुखतं?

‘डोक्यात पाणी झालंय, नळी टाकावी लागेल.’ सातारा, नगर, बीडकडून पोराला घेऊन पुण्याला आलेल्या कितीतरी आईबापांनी हे ऐकलेलं असतं. ऑपरेशन होतं, ती नळी म्हणजेच शंट बसतो, टाके निघतात, मूल घरी जातं. पुढे कधीतरी ते सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून बसतं. सीटी काढला तर रिपोर्ट ठीक. मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, शाळा बुडवायची नाटकं आहेत. एखाद्या दिवशी असतीलही, पोरं ती पोरंच. पण शंट असलेल्या मुलाच्या बाबतीत हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढावा.

मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. मोठ्या माणसात दिवसाला साधारण 500 मिलिलिटर. एका वेळी आत असतो मात्र जेमतेम 150. उरलेला रक्तात शोषला जातो. ती वाट अडली की पोकळ्या फुगतात, म्हणजेच हायड्रोसेफॅलस होतो. शंट ही नवी वाट. एक टोक मेंदूच्या पोकळीत, बहुधा कानामागे कातडीखाली छोटा व्हॉल्व्ह, आणि तिथून मान-छातीवरून कातडीखालूनच पोटात उतरणारी नळी. अंगाने बारीक मूल असेल तर मानेवरून बोट फिरवताना ती हाताला लागते. सिलिकॉनचा व्हॉल्व्ह 1956 मध्ये आला. तो बनवला जॉन होल्टर या अमेरिकी यंत्रकारागिराने, स्वतःच्या मुलाला हाच आजार होता म्हणून.

शंटमुळे असंख्य मुलं जगली. पण मूळ अडथळा त्याने जात नाही, आणि नळी बिघडते. लहान मुलांत पहिल्याच वर्षात सुमारे 40 टक्के शंट निकामी होतात, हे ऑपरेशनआधी कुणी स्पष्ट सांगितलं असेल तर नशीब. कधी नळीच्या बारीक भोकांत मेंदूतलाच पेशीसमूह वाढून ती बुजते. कधी कातडीवरचे साधे जंतू नळीला चिकटतात. हा संसर्ग बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत दिसतो. आणि मूल उंच होतं, नळी तेवढीच राहते. जुन्या नळीवर कॅल्शियम साचून ती ताठर होते, मानेत ओढ बसते, कधी तुटते. पोटही यात आलंच: खालच्या टोकाशी द्रवाची गाठ झाली तर पोट दुखतं, आणि जुनाट बद्धकोष्ठतेने पोटातला दाब वाढून निचरा मंदावू शकतो. डोकेदुखीच्या तक्रारीत डॉक्टर शौचाची चौकशी करतात ती यासाठी.

दुखणं केव्हा होतं, याला फार महत्त्व आहे. पहाटे, झोपून उठल्यावर, उलटीसह दुखत असेल तर निचरा कमी पडत असण्याची शंका येते. उभं राहिल्यावर दुखतं आणि आडवं झाल्यावर उतरतं, तर उलटा प्रकार: निचरा जास्त होतोय. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर शहरातल्या हौदांपर्यंत यायचं. मूल उभं राहिलं की नळीतला द्रवही तसाच खाली धावतो.

वर्षानुवर्षं जास्त निचरा झालेल्या काही मुलांत पोकळ्या चिरेएवढ्या अरुंद होतात. मग शंट बंद पडून दाब वाढला तरी त्या फारशा फुगत नाहीत. सीटी ‘छान’ दिसतो आणि मूल कळवळत असतं. म्हणून नवा सीटी एकटा पाहून भागत नाही, बरं असतानाच्या जुन्या सीटीशेजारी ठेवून पाहावा लागतो. ती फाइल प्रवासातही सोबत हवी. बाहेरून दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल, तर एमआरआयनंतर त्याचं सेटिंग तपासून घ्यावं. चुंबकाने ते हलू शकतं.

डोकेदुखी आणि उलट्या साध्या तापातही होतात. मूल गुंगीत जातंय, हाक मारली तरी नीट जागं होत नाही, तान्ह्या बाळाची टाळू फुगून घट्ट लागतेय, डोळे खाली वळलेले राहतायत, ही मात्र शंट बंद पडल्याची जास्त ठोस लक्षणं. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून सकाळची वाट पाहू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठावं, आणि निघण्यापूर्वी फोन करून ‘शंट आहे’ हे आधी सांगावं.