हातापायांवरील चामखीळ : घरी उपचार कसा करावा आणि कोठे थांबावे

आमच्या औषधांच्या दुकानात चामखिळीवर औषध मागायला येणाऱ्या ग्राहकांपैकी बऱ्याच जणांनी त्याआधी घरी काही ना काही करून पाहिलेले असते. कोणी चुना लावलेला असतो, कोणी बिब्बा, तर कोणी दाढीच्या ब्लेडने ती कापलेली असते. चामखिळीमुळे सहसा कोणाचे मोठे नुकसान होत नाही. नुकसान होते ते अशा घाईच्या उपायांनी. भाजलेली बोटे आणि पू झालेल्या जखमा घेऊन आलेली माणसे पाहिल्यावर आम्हाला असे वाटले की, बाटली हातात देताना काउंटरवर दोन मिनिटांत जे सांगून होत नाही, ते नीट लिहून द्यावे. औषध वापरण्यापूर्वी हे पत्रक एकदा पूर्ण वाचावे, अशी विनंती आहे.

चामखीळ नेमकी कोणती

आपल्याकडे चामखीळ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि चुकीच्या ठिकाणी औषध लागण्याचे ते पहिले कारण आहे. मानेवर, काखेत किंवा पापणीजवळ बारीक देठाने लोंबणारा जो मऊ, मांसल दाणा असतो, तो संसर्गाने होत नाही आणि पसरतही नाही. या पत्रकातील औषध त्याच्यासाठी नाही. तो काढायचाच असेल, तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा. येथे आम्ही लिहीत आहोत ते बोटांवर, हाताच्या पाठीवर, गुडघ्यावर, नखांच्या कडेला आणि तळपायावर येणाऱ्या कडक, खरखरीत, फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या दिसणाऱ्या चामखिळीविषयी.

तळपायावरची चामखीळ ओळखणे जरा कठीण जाते, कारण अंगाच्या भाराने ती बाहेर वाढण्याऐवजी आत दबते आणि कुरूप किंवा भोवरीसारखी दिसते. दोन खुणांनी फरक कळतो. कुरूप वरून दाबल्यावर दुखते, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर अधिक दुखते. शिवाय तळव्याच्या कातडीवरच्या बारीक रेषा कुरूपावरून तशाच पुढे जातात, चामखिळीपाशी मात्र त्या तुटतात आणि तिला वळसा घालून जातात. वरचा कडक थर घासल्यावर आत काळे ठिपके दिसले, तर ती चामखीळच असण्याची शक्यता मोठी आहे. या ठिपक्यांना बरेच जण मूळ समजतात आणि सुईने उकरून काढू पाहतात. ती मुळे नाहीत. केसांहून बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेले रक्त तेथे दिसत असते. चामखिळीला मूळ नसतेच, ती कातडीच्या वरच्या थरातच वाढते, त्यामुळे खोल खणण्याने हाती काही लागत नाही.

ती कशामुळे होते

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूमुळे चामखीळ होते. इटलीतील जुझेप्पे चुफो या डॉक्टरांनी १९०७ साली चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यातून जिवाणूही जाऊ शकत नव्हते, आणि तो अर्क टोचल्यावरही चामखीळ उगवते हे दाखवून दिले. या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आता माहीत आहेत. मोबाइलवर हे नाव शोधल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची माहिती समोर येते आणि अनेक भगिनी घाबरून आमच्याकडे विचारायला येतात, म्हणून स्पष्ट लिहितो : तो कर्करोग मुख्यतः १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांशी जोडलेला आहे, तर हातापायांच्या साध्या चामखिळी १, २, ४, २७, ५७ अशा वेगळ्या प्रकारांनी होतात. बोटावरच्या चामखिळीतून तो कर्करोग होत नाही.

धडधाकट, कोरड्या कातडीतून हा विषाणू सहज आत जात नाही. त्याला बारीकशी चीर किंवा भिजून मऊ झालेली कातडी लागते. आपल्या भागात अशा चिरांना तोटा नाही. कापूस वेचताना बोंडांच्या वाळलेल्या टोकदार कडा बोटांच्या पेरांना आणि नखांच्या कडांना टोचतात, भांडी घासणाऱ्या हातांची कातडी पाण्यात राहून मऊ पडते, अनवाणी चालणाऱ्यांच्या टाचांना भेगा असतात, आणि नखे कुरतडणाऱ्या मुलांच्या बोटांना तर रोजच नवी जखम होते. विषाणू आत गेल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात, त्यामुळे ती कोणाकडून लागली याचा शोध घेत बसण्यात अर्थ नसतो. चामखिळीचे रक्त जेथे सांडेल तेथे नवी उगवते, ही समजूत मात्र पूर्ण खरी नाही. हा विषाणू रक्तातून फिरत नाही, तो कातडीच्या पेशींत असतो. खाजवल्याने, कुरतडल्याने किंवा दाढी करताना ब्लेड फिरल्याने त्या पेशी शेजारच्या ओरखड्यात जातात, आणि म्हणूनच कधी कधी चामखिळी एका रेषेत आलेल्या दिसतात.

लहान मुलांच्या बाबतीत काहीही न करणे हासुद्धा एक योग्य निर्णय असू शकतो. साधारण निम्म्या मुलांच्या चामखिळी वर्षभरात आणि दोन तृतीयांश मुलांच्या दोन वर्षांत आपोआप जातात, कारण शरीर त्या विषाणूला ओळखून त्याच्याशी लढायला शिकते. मंतरलेल्या दोऱ्याने किंवा मिठाच्या उताऱ्याने चामखीळ गेली असे जे सांगितले जाते, त्यामागे बहुधा हीच गोष्ट असते. मोठ्या माणसांत त्या अधिक काळ टिकतात. दुखत असेल, वाढत असेल किंवा शाळेत मुलाला चिडवले जात असेल, तर उपचार जरूर करावा.

औषध कसे लावावे

घरी वापरण्यासाठी आम्ही जे औषध देतो, त्यात सॅलिसिलिक आम्ल हा मुख्य घटक असतो. पातळ औषधाच्या बाटलीत ते बहुतेक वेळा १७ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याच्या जोडीला लॅक्टिक आम्ल असते. तळपायासाठी मिळणाऱ्या चिकटपट्टीत त्याचे प्रमाण बरेच जास्त, साधारण ४० टक्के असते. हे औषध विषाणूला थेट मारत नाही. ते कडक कातडीचा थर हळूहळू सैल करते, त्या थराबरोबर विषाणू असलेल्या पेशी निघून जातात, आणि होणाऱ्या सौम्य दाहामुळे शरीराची प्रतिकारशक्तीही त्या जागेकडे वळते, असे मानले जाते. रोज थोडा थर सुटत जाणे हेच त्याचे काम आहे, म्हणून एका दिवशी चार वेळा लावल्याने चार दिवसांचे काम होत नाही, फक्त आग होते.

औषध रात्री झोपण्यापूर्वी लावणे सोयीचे पडते, कारण दिवसभर हात पाण्यात आणि पाय घामात असतात. आधी ती जागा सोसवेल अशा कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवावी. मग वज्रीने किंवा नखे घासण्याच्या कागदी कानशीने वर आलेला पांढरा, मेलेला थर हलक्या हाताने घासून काढावा. रक्त येईपर्यंत घासू नये. ही वज्री फक्त चामखिळीसाठी वेगळी ठेवावी. तीच घरातल्या सर्वांनी टाचांना वापरली, तर विषाणू घरभर वाटल्यासारखे होते. जागा पूर्ण कोरडी करून चामखिळीभोवतीच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलीनचे गोल कडे लावावे, म्हणजे औषध ओघळले तरी तेथे लागणार नाही. त्यानंतर फक्त चामखिळीवर एक थेंब टेकवावा, तो वाळून पांढरट पापुद्रा होऊ द्यावा, आणि तळपाय असेल तर वर साधी चिकटपट्टी लावावी. दुसऱ्या दिवशी जुना पापुद्रा काढून पुन्हा हाच क्रम करावा. जुन्या पापुद्र्यावर नवे थर चढवत गेल्यास औषध खाली पोहोचतच नाही, आणि “महिनाभर लावले पण फरक नाही” अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना विचारल्यावर पुष्कळदा हेच झालेले आढळते.

पहिल्या दोन आठवड्यांत फारसा बदल दिसत नाही, आणि नेमके तेव्हाच बहुतेक जण औषध सोडून देतात. हे औषध बारा आठवड्यांपर्यंत नेमाने लावायचे असते. सुरुवातीला चामखिळीशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून मोबाइलवर छायाचित्र काढावे आणि दर पंधरा दिवसांनी तसेच पुन्हा काढावे. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना जो फरक जाणवत नाही, तो छायाचित्रांत दिसतो. थोडी चुणचुण होणे स्वाभाविक आहे, परंतु जागा लाल होऊन ठणकू लागली, तर औषध काही दिवस बंद ठेवावे आणि कातडी शांत झाल्यावरच पुन्हा सुरू करावे. चामखिळीच्या जागी कातडीच्या रेषा पूर्ववत दिसू लागल्या, की ती गेली असे समजावे. तीन महिने नीट वापरूनही काही जणांची चामखीळ जात नाही, हे आम्ही विकतानाच सांगतो. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनने ती गोठवतात किंवा दुसरा उपाय निवडतात.

चुना, बिब्बा आणि रुईचा चीक

या उपायांविषयी आम्ही थोडे कठोर लिहीत आहोत, ते मुद्दाम. खाण्याचा चुना आणि धुण्याचा सोडा किंवा पापडखार ओला करून एकत्र केला, की त्या लेपात कॉस्टिक सोडा तयार होतो. तेलाचा साबण ज्याने करतात तोच हा पदार्थ. तो चामखीळ आणि चांगली कातडी असा भेद करत नाही, आणि आम्लाने भाजल्यावर जशी लगेच वेदना होते तशी येथे नेहमी होत नाही, त्यामुळे माणूस लेप तसाच ठेवतो आणि क्षार खोल उतरत राहतो. बोटाच्या पेरावर असा व्रण झाला, तर भरून आलेली कातडी आखडून बोट पूर्ण सरळ होत नाही. कोणी लेप लावलाच असेल, तर कोरडी भुकटी आधी झटकावी आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली ती जागा किमान वीस मिनिटे धरावी. क्षार मारण्यासाठी लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये, वर हळद किंवा टूथपेस्टही लावू नये, आणि पाण्याने धुऊन झाल्यावर तडक दवाखान्यात जावे.

बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात, आणि ज्याला बिब्बा उततो त्याचे तोंड, डोळेसुद्धा सुजतात. आमच्याकडे एक आई आपल्या शाळकरी मुलीला घेऊन आली होती; बिब्बा लावला होता मनगटावरच्या एका दाण्याला, पण फोड कोपरापर्यंत गेले होते. त्या मुलीची चामखीळ वर्षभरात बहुधा आपोआप गेली असती. रुईचा चीक लावलेला हात चुकून डोळ्याला लागला, तर बुबुळाला इजा होते. अगरबत्तीने डागणे आणि ब्लेडने कापणे यांत जखम चिघळण्याचा आणि धनुर्वाताचा धोका आहे.

केळीच्या सालीची गोष्ट वेगळी आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यात हा उपाय अनेक घरांत सांगितला जातो. त्याने इजा होत नाही, म्हणून आम्ही कोणाला अडवत नाही, पण तिने चामखीळ जाते असेही म्हणणार नाही. रुंद चिकटपट्टी लावून ठेवण्याच्या उपायाला २००२ सालच्या एका अमेरिकी चाचणीत चांगले यश दिसले होते, मात्र नंतरच्या चाचण्यांत ते टिकले नाही.

कोणी घरी उपचार करू नये

मधुमेह असलेल्या ग्राहकांनी पायाच्या चामखिळीला किंवा कुरुपाला हे औषध स्वतःहून लावू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, औषधाने जखम झाली तरी कळत नाही, आणि कॉर्न कॅप म्हणून मिळणाऱ्या पट्टीने सुरू झालेली जखम पुढे बोट गमावण्यापर्यंत जाऊ शकते. अशा ग्राहकाला आम्ही पट्टी देत नाही. कृपया त्याचा राग मानू नये. पायाचा रक्तपुरवठा कमी असणाऱ्यांनाही हेच लागू आहे. चेहरा, ओठ, जननेंद्रिय आणि गुदद्वाराजवळ हे औषध कधीही लावू नये. त्या जागी काही उगवले असेल, तर संकोच बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. तीळ, जन्मखूण, केस उगवलेला मस, लाल झालेली किंवा फुटलेली कातडी यांवरही ते चालत नाही. दोन वर्षांखालील बाळांना ते देऊ नये, आणि गर्भवती महिलांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

एखादी चामखीळ झपाट्याने वाढत असेल, रंग बदलत असेल, न दुखावता रक्त येत असेल, किंवा उतारवयात पहिल्यांदाच उगवली असेल, तर ती चामखीळच आहे असे गृहीत धरू नये. एकाएकी पुष्कळ उगवल्या असतील, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील, तरीही आधी तपासणी करून घ्यावी. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची बाह्यरुग्ण तपासणी होते.

घरात पसरू नये म्हणून

टॉवेल आणि चपला वेगळ्या ठेवाव्यात, सामाईक न्हाणीघरात पायात चप्पल असावी, आणि मुलांच्या नखे कुरतडण्याच्या सवयीकडे लक्ष द्यावे. चामखीळ असलेल्या मुलाला शाळेत पाठवायला किंवा खेळायला सोडायला काहीही हरकत नाही. पाणी लागले तरी टिकणारी पट्टी लावली म्हणजे पुरते.

औषधाची बाटली लगेच पेट घेणारी असते, म्हणून ती चूल, शेगडी आणि देवघरातील दिव्यापासून लांब ठेवावी आणि औषध लावताना जवळ कोणी विडी ओढत नसावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा, पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बाटलीतले औषध लवकर उडून घट्ट होते. झाकण घट्ट लावून ती घरातल्या सर्वांत गार, कोरड्या कोपऱ्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी, आणि औषध मधासारखे दाट होऊन तार धरू लागले, तर ते न वापरता नवी बाटली घ्यावी.