देशी पैसा, परदेशी पैसा आणि टोळधाड

2005 मध्ये जर्मनीतले नेते फ्रांत्स म्युंटेफेरिंग यांनी काही वित्तीय गुंतवणूकदारांना टोळांची उपमा दिली: येतात, फस्त करतात, पुढच्या शेताकडे उडतात. त्यांचा रोख मुख्यतः खासगी इक्विटी फंडांवर, म्हणजे कंपन्या विकत घेऊन काही वर्षांत नफ्याने विकणाऱ्या फंडांवर होता, पण संशय सगळ्याच परदेशी पैशाला चिकटला. त्यात शेअर बाजाराच्या 'परदेशींनी विकलं, देशींनी सावरलं' अशा बातम्या. वाचणाऱ्याला वाटतं, परदेशी म्हणजे पाहुणा आणि देशी म्हणजे घरचा.

शेअरच्या भावापुरतं हे बरंचसं खरं आहे. परदेशी फंडाच्या विक्रीचं कारण कंपनीत असतंच असं नाही. अमेरिकेत व्याजदर चढले किंवा स्थानिक चलनाची धास्ती वाटली की चांगल्या कंपन्यांचे शेअरही विकले जातात. देशी पेन्शन फंड आणि विमा कंपन्यांकडे मात्र हप्त्यांचा पैसा येतच राहतो, देणीही त्याच चलनातली. त्यामुळे पडत्या बाजारात खरेदी करणं त्यांना जमतं.

पण भाव वेगळा आणि कंपनीचं मूल्य वेगळं. मूल्य ठरतं ते संशोधनावर किती खर्च होतो, नफा कुठे गुंतवला जातो, संचालक मंडळात व्यवस्थापनाला 'नाही' म्हणणारं कुणी आहे का, यावर. आणि इथे घरचे बरेचदा गप्प बसतात. देशी बँक त्याच कंपनीला कर्ज देते, विमा कंपनी तिच्याच कर्मचाऱ्यांचा समूह विमा उतरवते. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी! परदेशी फंडाची अशी सोयरीक सहसा नसते.

कॅमेऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जपानच्या ऑलिंपस कंपनीचं उदाहरण बोलकं आहे. 2011 मध्ये मुख्याधिकारी मायकेल वुडफर्ड यांनी संशयास्पद व्यवहारांवर बोट ठेवलं आणि त्यांचीच उचलबांगडी झाली. कंपनीने सुमारे 1.7 अब्ज डॉलरचा तोटा दडवल्याचं पुढे उघड झालं. उघडपणे जाब विचारायला आधी सरसावले ते परदेशी भागधारक.

बेना, फरेरा, मातोस आणि पिरेस या संशोधकांनी 30 देशांतल्या कंपन्यांची 2001 ते 2010 ची आकडेवारी तपासली. परदेशी संस्थांचा हिस्सा वाढल्यावर यंत्रसामग्री, मनुष्यबळ आणि संशोधन यांतली गुंतवणूक वाढलेली दिसली. टोळ असं काही पेरत नाहीत.

अर्थात सगळे परदेशी एका माळेचे मणी नव्हेत. तीन महिन्यांत निघून जाणारा हेज फंड परदेशी, आणि जगातल्या नोंदणीकृत शेअरांपैकी सुमारे दीड टक्का बाळगणारा नॉर्वेचा सरकारी फंडही परदेशी. तो शेअर घेतो ते नॉर्वेबाहेरच, म्हणजे जाईल तिथे पाहुणाच. तरी सर्वसाधारण सभेत कुणाच्या बाजूने मत देणार, हे तो 2021 पासून पाच दिवस आधी जाहीर करतो.

देशी संस्थाही हलवता येतात, फक्त कुणीतरी हलवावं लागतं. जपानने 2014 मध्ये पेन्शन फंड, विमा कंपन्या अशा संस्थात्मक गुंतवणूकदारांसाठी आचारसंहिता आणली. 2017 च्या सुधारणेनंतर ती स्वीकारणाऱ्यांना प्रत्येक कंपनीत कसं मत दिलं ते जाहीर करावं, नाहीतर का करत नाही ते सांगावं लागतं.