पक्षाघातानंतरचे घरगुती बोधनिक पुनर्वसन

रक्ताची गुठळी अडकल्याने किंवा रक्तवाहिनी फुटल्याने मेंदूला इजा होऊन पक्षाघात होतो. त्यानंतर अवधान, स्मरण, भाषा, दिशांचे भान आणि कामाची आखणी यांत राहिलेली उणीव रुग्णाच्या राहत्या घरी, रोजच्या कामांतून आणि घरच्यांच्या मदतीने कमी करण्याच्या पद्धतीस घरगुती बोधनिक पुनर्वसन म्हणतात. कोकणात ‘अंगावरून वारे गेले’ म्हटले की लुळा हात-पाय तेवढा डोळ्यांसमोर येतो. त्याला मालीश लगेच सुरू होते. चहात दोनदा साखर घालणाऱ्याचे मात्र ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते.

दुसऱ्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम करताना सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी या उपचारांचा पाया घातला. बिघडलेली क्षमता सुधारता येते, तशीच शाबूत क्षमतांच्या आधाराने तिला वळसाही घालता येतो, हे त्यांच्या मांडणीचे सार होय. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, पुढे तो मंदावतो. कोड्यांचा सराव केल्याने कोडी सुटू लागतात. तो फायदा स्वयंपाकघरापर्यंत पोचेलच असे नाही, आणि म्हणूनच जे काम जमायला हवे त्याचाच सराव द्यावा लागतो.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यास पुष्कळदा डोळे शाबूत असूनही डाव्या बाजूची दखल घेतली जात नाही. केळीच्या पानावर मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे वाढतात. असा रुग्ण उजवीकडची भाजी संपवतो, भाताचा निम्मा ढीग तसाच ठेवतो आणि मीठ वाढलेच नाही अशी तक्रार करतो. पान फिरवून दिले की जेवण होते, पण सराव होत नाही. त्याऐवजी पानाच्या डाव्या कडेला लाल फडक्याची पट्टी ठेवून, ती दिसेपर्यंत मान वळवायची आणि तिथूनच जेवायला सुरुवात करायची, अशी सवय लावतात. जांभ्या दगडाच्या पायऱ्या आणि विहिरीचा काठ येथे मात्र सोबत सोडू नये.

कामाचा क्रम चुकत असेल तर आमसुलांसारखे काम उपयोगी पडते. रातांबे फोडणे, बी-गर वेगळा करणे, साली वाळवणे, मीठ घातलेल्या रसात त्या बुडवून पुन्हा उन्हात घालणे, असे पुट पुन्हापुन्हा द्यायचे असतात आणि कितवा पुट झाला हे लक्षात ठेवावे लागते. प्रत्येक पायरीसाठी वेगळे भांडे ठेवावे आणि पुट झाला की रुग्णानेच भिंतीवर खडूची रेघ ओढावी. आरंभी त्याच्याकडे शेवटची पायरी तेवढी सोपवून मग मागची एकेक जोडत जाणे सोयीचे. विळी दुसऱ्याच्या हाती असावी. थकवा लवकर येत असल्याने पंधरा-वीस मिनिटांचा सराव पुरे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि विल्सन यांनी 1994 मध्ये दाखवून दिले की स्मृतिलोप झालेली माणसे चुका होऊ न देता शिकवल्यास अधिक चांगले शिकतात. अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तरच त्यांच्या मनात घर करते. गणपतीला आलेला प्रत्येक चाकरमानी ‘आबा, मी कोण सांगा बघू?’ असे विचारतो, तेव्हा हौसेपोटी नेमके उलटे घडते. ‘आबा, मी तुमचा मधला, ठाण्याहून आलोय’ असे आधी सांगावे आणि तेच थोड्या वेळाने, मग वाढत्या अंतराने विचारावे.

मेंदूच्या इजेने भाषा बिघडते त्यास वाचाघात म्हणतात; वाचाघात होणे म्हणजे बुद्धी जाणे नव्हे. एकही वाक्य जुळवता न येणारा रुग्ण आरती मात्र टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणू शकतो, कारण पाठ असलेली, चालीतली भाषा अनेकदा वाचते. घरात मालवणी बोलणाऱ्याची परीक्षा आणि सराव दोन्ही मालवणीतच व्हावेत. प्रमाण मराठीत अडखळणे हा आजार नव्हे. बोधनिक क्षमता तपासणारी 30 गुणांची मोका चाचणी सर्रास वापरली जाते, तिच्या गुणांवर शिक्षणाचाही परिणाम होतो.

घरच्यांवर सगळे सोपवण्यालाही मर्यादा आहे. भारतातील 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ अभ्यासात प्रशिक्षित कुटुंबीयांनी घरी केलेल्या पुनर्वसनामुळे सहा महिन्यांनंतरचे मृत्यू वा परावलंबन कमी झाल्याचे आढळले नाही. तो अभ्यास केवळ बोधनिक सरावाचा नव्हता, तरी तज्ज्ञाने आधी तपासून सराव ठरवून द्यावा आणि अधूनमधून तो बदलावा, हे त्यावरून उचित दिसते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि ते आळस किंवा विसराळूपणा म्हणून खपून जाते. त्यावर औषधोपचार असतो. एकाएकी वाढलेला गोंधळ, तोंड वाकडे होणे किंवा बोबडी वळणे यांवर घरी सराव करत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते, कारण गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.