मनगटावरची नवार

पावसाळा लागला की कोल्हापुरात चांगली चप्पल कागदात गुंडाळून माळ्यावर जाते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं पाण्यानं फुगतं, वाळताना आखडतं आणि ओल राहिली की त्यावर बुरशी धरते, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. घड्याळाचा चामडी पट्टा मात्र आषाढ-श्रावणभर तसाच मनगटावर असतो. वरून पाऊस, आतून घाम. गणपती येईपर्यंत तो काळवंडतो, वास मारू लागतो आणि भोकांपाशी चिरतो.

पावसाळ्यापुरता तरी नायलॉनचा पट्टा लावावा, असं माझं ठाम मत आहे. पण घ्यायला गेलं की नाटो, आरएएफ, झुलू, पर्लॉन, सीटबेल्ट अशी नावं पुढं येतात आणि गिऱ्हाईक शेवटी रंग बघून एखादा उचलतं. या सगळ्यांत मूळ पदार्थ बहुतेक तोच. वेगळेपण येतं ते पट्टा कसा विणलाय आणि घड्याळाभोवती कुठून फिरतो यावरून.

अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटानं १९३५ साली नायलॉन ६६ तयार केलं. १९३८ मध्ये जर्मनीत पॉल श्लाक यांनी वेगळ्या वाटेनं नायलॉन ६ बनवलं. पर्लॉन हे त्याचंच व्यापारी नाव. दोन्हींत लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात आणि त्यांवर ठरावीक अंतरानं अमाइड गट, म्हणजे नायट्रोजन नि ऑक्सिजन असलेले अणूंचे छोटे पुंजके, असतात. शेजारच्या दोन साखळ्या या गटांपाशी हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. वितळलेल्या नायलॉनचा तंतू काढल्यावर तो मूळ लांबीच्या काही पट ताणतात. त्यामुळे विस्कटलेल्या साखळ्या एका दिशेत ओळीनं बसतात आणि तंतूला बळकटी येते.

याच अमाइड गटांना पाणीही आवडतं. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नायलॉन स्वतःच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के पाणी धरतं. त्याच हवेत कापूस ७-८ टक्के धरतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरले की पकड थोडी सैल होते आणि तंतू मऊ होऊन किंचित लांबतो. म्हणून सकाळी नेमका बसलेला नायलॉनचा पट्टा पावसात भिजल्यावर सैल वाटतो, आणि वाळला की पुन्हा जागेवर येतो. तंतूच्या आतलं पाणी तसं थोडंच असतं. मनगटाला जो गार ओलावा लागतो तो तंतूंच्या मधल्या बारीक फटींत अडकलेल्या पाण्याचा, आणि त्या फटी किती नि कशा असाव्यात हे वीण ठरवते.

खाटेला लावतात त्या नवारीच्याच जातीची ही पट्टी: अरुंद मागावर, दोन्ही काठ बंद करून विणलेली. इचलकरंजीच्या यंत्रमागावर कापड निघताना ज्यांनी बघितलंय त्यांना ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) सांगायला नकोत. नेहमीच्या नाटो पट्ट्यात साधी वीण असते, म्हणजे एक धागा वर, एक खाली. धागे पावलोपावली एकमेकांना अडवतात, त्यामुळे पट्टी घट्ट आणि हाताला जरा खरखरीत लागते. सीटबेल्ट म्हणून विकतात त्यात ताण्याचा धागा दोन-तीन बाण्यांवरून सरळ जाऊन मग खाली बुडतो, आणि तिरक्या रेघा माशाच्या काट्यासारख्या दिसतात. वळणं कमी म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत, चमकदार, कडीतून सहज सरकणारा. पण वर मोकळे राहिलेले हे लांब धागे दाराच्या कडीत किंवा खडबडीत भिंतीला अडकून निघतात. गाडीतला खरा सीटबेल्ट हल्ली बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो, कारण ते उन्हात नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. घड्याळाच्या पट्ट्यानं त्याची फक्त वीण घेतली आहे.

आता पट्ट्याच्या वाटेबद्दल, कारण खरी कल्पकता तिथं आहे. घड्याळाच्या डबीला वर-खाली दोन-दोन कान असतात आणि त्यांच्यात एकेक पिन. चामडी पट्ट्याचे दोन तुकडे या पिनांना वेगवेगळे लावतात. एक पिन निसटली की घड्याळ खाली. ब्रिटिश सैन्याच्या कित्येक घड्याळांत या पिना कानांना पक्क्या जोडलेल्या असत, म्हणजे दोन तुकड्यांचा तयार पट्टा बसवायची सोयच नव्हती. मग एकच लांब पट्टी वरच्या पिनेखालून घालायची, डबीच्या पाठीमागून न्यायची आणि खालच्या पिनेतून बाहेर काढायची. आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) या नावानं ओळखला जातो तो हा एकपदरी पट्टा. यात एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं. खोट एकच: पट्टा सोडून बक्कल वर धरलं की डबी पट्टीवरून घसरत थेट फरशीवर जाते.

ती खोट जी-१० पट्ट्यानं काढली. ब्रिटिश संरक्षण खात्याचं त्याचं मानक १९७३ मध्ये आलं: २० मिलिमीटर रुंद, नौदलाच्या राखाडी रंगाचा. जी-१० हे नाव भांडारातून सामान मागवायच्या जी १०९८ या फॉर्मवरून पडलं. याच पट्ट्याला नाटो हे नाव नाटोच्या लष्करी साठ्याच्या क्रमांकावरून चिकटलं. लांब पट्टीला बक्कलाजवळ एक छोटी जादा पट्टी जोडलेली असते आणि तिच्या टोकाला धातूची कडी. लांब पट्टी पाठीमागून आली की या कडीतून जाते. डबी या जोडाच्या आणि कडीच्या मध्ये अडकते आणि पट्टा कसाही धरला तरी जागची हलत नाही. याची किंमत जाडीत मोजावी लागते. डबीखाली दोन पदर येतात आणि घड्याळ सुमारे अडीच मिलिमीटर उचललं जातं. मूळचं घड्याळच जाड असेल तर ते शर्टाच्या बाहीत जात नाही. शिवाय दोन पदरांत अडकलेलं पाणी आपल्याकडच्या जुलैच्या हवेत लवकर वाळत नाही. झुलू म्हणजे याच कुळातला दांडगा गडी: नवार आणखी जाड, बक्कल आणि कड्या गोलसर, भक्कम. बारीक मनगटावर तो बोजड दिसतो, आणि मला तो कधी पटलेला नाही.

कोल्हापूरच्या पावसासाठी माझी पसंती पर्लॉनला. हा तिरक्या धाग्यांची वेणी घालून केलेला असतो आणि त्याला भोकंच नसतात. बक्कलाची जीभ धाग्यांच्या मधून हव्या त्या जागी घालायची, त्यामुळे एखाद्या मिलिमीटरनंसुद्धा सैल-घट्ट करता येतो. वीण जाळीदार असल्यानं पाणी अडकत नाही आणि हवा खेळते. रोज त्याच जागी जीभ घातली तर मात्र तिथले धागे फाकतात, तेव्हा जागा थोडी इकडंतिकडं करावी. फ्रेंच नौदलाच्या पाण्यात बुडी मारणाऱ्या जवानांनी पॅराशूटच्या लवचिक पट्टीपासून केलेला मरीन नॅशनल प्रकारही हाताला सुखाचा आहे, पण त्यातला रबराचा धागा घामानं आणि उन्हानं दमतो.

भोकांचे पट्टे घेताना एक गोष्ट जवळून बघावी, शक्य तर दुकानदाराच्या भिंगातून. भोक गरम सुईनं किंवा अल्ट्रासोनिक यंत्रानं पाडलं असेल तर कडेला वितळून घट्ट झालेली बारीक कडा दिसते. नुसतं टोचलेलं असेल तर आत तंतूंची टोकं उभी दिसतात. तिथूनच पट्टा उसवतो.

हे वितळणंच एका ठिकाणी घातक ठरतं. नायलॉन ६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉन ६६ सुमारे २६० ला. शिरोलीच्या फाउंड्रीत किंवा वेल्डिंगच्या कामावर तप्त कण उडाला तर चामडं करपेल, नायलॉन वितळून कातडीला चिकटेल. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्यांनी तर कुठलाच पट्टा घालू नये, आणि नाटो अजिबात नको. दोन तुकड्यांच्या पट्ट्याची पिन झटक्यानं निसटून हात सुटण्याची थोडी तरी शक्यता असते. एकसंध पट्टी सुटत नाही. तिचं सगळं कसब न सुटण्यातच आहे. घड्याळ खिशात ठेवून मगच यंत्र चालू करावं.

धुवायला कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. ब्लीच नको, क्लोरीननं नायलॉन खराब होतं. वाळवणं सावलीत, कारण उन्हातले अतिनील किरण त्याच्या साखळ्या तोडतात. नवा घेण्याआधी दोन कानांमधलं अंतर मोजून घ्यावं, बहुतेक घड्याळांत ते १८, २० किंवा २२ मिलिमीटर असतं. १८ च्या जागेत २० ची पट्टी कोंबली की तिचे काठ दुमडून झिजतात. आणि पट्टा बदलताना दोन्ही पिनाही बदलून घ्याव्यात. घामाचा क्षार त्यांच्या आतल्या स्प्रिंगपर्यंत पोचलेला असतो.