तंत्रज्ञानाधारित अध्यापनाचे शिक्षक-प्रशिक्षण (बडोदे)

संगणक, मोबाइल, प्रोजेक्टर इ. साधनांच्या साहाय्याने शिकविण्याचे कौशल्य शिक्षकांना यावे आणि साधन ऐनवेळी बंद पडले तरी तास पुढे नेण्याचे मनोबल त्यांच्या ठायी टिकावे, या हेतूने दिल्या जाणाऱ्या सेवापूर्व व सेवांतर्गत प्रशिक्षणाचा यात समावेश होतो. बडोद्यात त्याची पूर्वपीठिका मुख्यतः सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे मोजक्या विद्यार्थ्यांपुढे एकेका कौशल्याचा छोटा सराव-पाठ घेण्याच्या पद्धतीत, सापडते.

ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. भारतातील तिच्या प्रारंभाविषयी एकवाक्यता नाही. काही अभ्यासक तो डी. डी. तिवारी यांच्या अलाहाबाद येथील १९६७ च्या प्रयोगापासून धरतात. तथापि सलग संशोधनाची परंपरा १९७४ च्या आसपास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्रविषयक प्रगत अध्ययन केंद्रात बी. के. पासी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून सुरू झालेली दिसते आणि प्रसाराच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची मानणे योग्य होईल. पुढे रूढ झालेल्या भारतीय प्रतिमानात पाठ ६ मिनिटे, प्रत्याभरण (पाठाविषयीचा अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनर्पाठ ६ व पुनर्प्रत्याभरण ६, असे ३६ मिनिटांचे चक्र असते. स्टॅनफर्डमध्ये पाठाचे चित्रमुद्रण करून ते शिक्षकाला दाखवीत. येथे ती यंत्रसामग्री दुर्मिळ असल्याने निरीक्षण सहाध्यायी व प्राध्यापक यांच्याकडे आले. एकच कौशल्य, मोजके विद्यार्थी आणि लगेच मिळणारी दुसरी संधी यांमुळे चुकण्याची भीती ओसरते. नव्या साधनापुढे बिचकणाऱ्या अनुभवी शिक्षकाला नेमका हाच आधार लागतो आणि केवळ व्याख्यानवजा प्रशिक्षणातून तो मिळत नाही. मोबाइलमुळे पाठाचे चित्रमुद्रणही आता सुलभ झाले आहे.

देशपातळीवर १९७५–७६ च्या ‘साइट’ या उपग्रहीय दूरचित्रवाणी-शिक्षणाच्या प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये विषय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान यांच्या ज्ञानाची सांगड घालणारी चौकट मांडली. ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणासाठीचे राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे.

बडोद्यातील मराठी माध्यमाच्या शिक्षकांची अडचण निराळी आहे. त्यांचा अभ्यासक्रम गुजरात राज्याचा असतो, तर सहज मिळणारे मराठी व्हिडिओ व चाचण्या बहुतांशी महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर बेतलेल्या असतात. सहावीच्या अपूर्णांकांवरील तयार व्हिडिओ घेतला, तरी प्रकरणांचा क्रम, पारिभाषिक शब्द आणि उदाहरणे हातातील पुस्तकाशी ताडून पाहावी लागतात. त्यामुळे उपलब्ध साहित्य पारखणे, त्यातील नको तो भाग वगळणे आणि छोटे पाठ स्वतःच्या आवाजात मुद्रित करणे, यांना त्यांच्या प्रशिक्षणात यंत्र हाताळण्याइतकेच स्थान द्यावे लागते.